आमची वाटचाल: कव्हर परत लागलं पाहिजे

सुरुवातीला आम्ही दोघं भाऊ फक्त इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग करून द्यायचो. बसबारसमोर (पॅनलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या उघड्या धातूच्या पट्ट्यांसमोर) अॅक्रिलिकची शीट, सहा स्क्रू, वर डेंजरचा स्टिकर, की झालं कव्हर. तेव्हा एवढंच कळत होतं.

मग एका साईटवर अपघात झाला. मेंटेनन्सच्या मुलाने मेन स्विच ऑफ केला आणि पॅनल डेड आहे समजून आत पाना घातला. पण स्विच ऑफ केला तरी इनकमरच्या, म्हणजे बाहेरची वीज जिथे येते त्या मेन स्विचच्या, वरच्या टर्मिनलला ४१५ व्होल्ट असतातच, पाना सटकून दोन फेजमध्ये अडकला, फ्लॅश झाला आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही जाऊन बघितलं तर आमचं कव्हर पॅनलच्या तळाशी टेकवून ठेवलेलं, त्यावर धूळ, एका कोपऱ्याला स्क्रूच्या भोकापासून तडा. कितीतरी दिवस ते लागलंच नव्हतं. सगळे म्हणाले चूक मुलाची, मला नाही पटलं. नुसतं व्होल्टेज चेक करायला जे काढावं लागतं आणि ज्याचे सहा स्क्रू हातातून पडतात, ते कव्हर रोज परत कोण लावणार?

तिथून डिझाइनच बदललं. अॅक्रिलिक सोडून पॉलीकार्बोनेट घेतलं (त्याला थिनरने पुसायचं नाही, बारीक तडे जातात, हे शीट वाया घालवून शिकलो). स्क्रू ढिला केला तरी कव्हरलाच अडकून राहतो. इनकमर, बसबार, आउटगोइंग (पॅनलमधून बाहेर जाणाऱ्या लाइन) यांची कव्हरं वेगळी, म्हणजे एक फीडर, म्हणजे बाहेर जाणारी एक लाइन, बघायचा तर बाकीचं उघडं पडत नाही, आणि प्रत्येक फेजसमोर व्होल्टेज चेक करायच्या मीटरचं टोक (प्रोब) जाईल एवढंच भोक.

पहिल्या खेपेला इतकं बंद केलं की आत गरम व्हायला लागलं, मग झरोके दिले पण ८ मिमीचेच, कारण आयपी २एक्स (आत बोट जाऊ नये यासाठीचा संरक्षणाचा दर्जा) म्हणजे १२.५ मिमीचा गोळा आत जाता कामा नये आणि १२ मिमी जाड, ८० मिमी लांबीचं टेस्ट फिंगर, म्हणजे चाचणीचं नकली बोट, लाइव्ह पार्टला लागता कामा नये. ते फिंगर आमच्याकडे टेबलावरच असतं, पॅनल गाडीत चढायच्या आधी मी स्वतः प्रत्येक फटीत घालून बघतो.

आमचे जुने सहा स्क्रूवाले पॅनल अजून काही ठिकाणी चालू आहेत. शटडाऊन मिळेल तसं एकेक कव्हर बदलून देतोय, पैसे न घेता.