छोट्या कंपनीचा व्यवसाय कर मार्गी लावताना : माझा अनुभव

पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराच्या 200 रुपयांकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. मात्र ते कापून वेळेवर भरणं आणि त्याचं विवरणपत्र देणं ही जबाबदारी मालकाची आहे, आणि छोट्या खासगी कंपन्यांमध्ये हेच काम सर्वांत जास्त तुंबलेलं दिसतं. चौदा कर्मचाऱ्यांच्या एका कंपनीची अशी तुंबलेली थकबाकी मी नुकतीच निस्तरली. त्यात काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहितो.

आधी पार्श्वभूमी. महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा 1975 चा. 1972 च्या दुष्काळानंतर, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवायला पैसा हवा होता, म्हणून शहरी पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला गेला. पगारदाराच्या खिशातला छोटा वाटा ग्रामीण भागातल्या हाताला काम देतो, ही व्यवस्था मला आजही मोलाची वाटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 276 नुसार या कराची कमाल मर्यादा माणशी वर्षाला 2,500 रुपये. म्हणूनच अकरा महिने 200 आणि फेब्रुवारीत 300 असा हिशेब आहे.

पहिलं काम क्रमांक शोधण्याचं. क्रमांक दोन असतात, आणि त्यांची गल्लत सगळीकडे होते. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर भरण्यासाठी पीटीआरसी. तो 27 ने सुरू होतो आणि शेवटी इंग्रजी पी असतो. कंपनीच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी, तो 99 ने सुरू होतो. 2020 पासून महाराष्ट्रात नवी कंपनी नोंदवताना केंद्राच्या कंपनी पोर्टलवरच हे दोन्ही क्रमांक सोबत मिळतात. त्यामुळे अनेक संचालकांना आपल्याकडे ते आहेत याची कल्पनाच नसते. या कंपनीचे दाखलेही नोंदणीच्या वेळच्या जुन्या ईमेलमध्येच पडून होते. नवा अर्ज करण्याआधी तिथे नक्की शोधा. मुळात नोंदणीच नसेल, तर कर लागू झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. उशीर झाल्यास पीटीआरसीसाठी दिवसाला 5 रुपयांपर्यंत आणि पीटीईसीसाठी 2 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कंपनीने पीटीईसी भरला म्हणून संचालक सुटत नाहीत. प्रत्येक संचालकाला स्वतःच्या नावाने नोंदणी करून वर्षाला 2,500 रुपये भरावे लागतात. नोंदणी 31 मे पूर्वीची असेल तर मुदत 30 जून, नंतरची असेल तर नोंदणीपासून महिनाभर. पाच वर्षांचे 10,000 रुपये एकदम भरायची सोय आहे, म्हणजे एका वर्षाचा कर वाचतो. ज्यांच्या हातून तारखा निसटतात त्यांना मी हाच मार्ग सुचवतो. पीटीईसीला विवरणपत्र नसतं.

दुसरं काम पगारपत्रकाचं, आणि खरा वेळ इथेच गेला. कर कशावर मोजायचा, हा प्रश्न हिशेबनीस हमखास चुकवतात. मूळ पगारावर किंवा हातात पडणाऱ्या रकमेवर नाही, तर एकूण पगारावर. महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे बाकीचे भत्ते धरायचे. बोनस आणि ग्रॅच्युइटी मात्र कायद्याच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. म्हणजे दरमहा 24,000 घेणाऱ्या एका बाईंच्या पगारात दिवाळीचा बोनस मिळवून ऑक्टोबरचा कर कापला होता, तो चूक होता.

दर असे : पुरुषांना 7,500 पर्यंत कर नाही, 7,501 ते 10,000 ला 175 रुपये, त्यावर 200. स्त्रियांना पूर्वी 10,000 पर्यंत माफी होती, ती एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत वाढली. त्यामुळे मागची थकबाकी काढताना या तारखेला पगारपत्रकाचे दोन भाग करावेच लागतात. या कंपनीत पाच स्त्रिया आहेत, त्यातल्या तिघींचा पगार 25,000 च्या आत. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनेच दर राहिल्याने त्यांचे पैसे नव्या दरानंतरही कापले जात होते, आणि ते सरकारकडे भरलेही नव्हते. ती रक्कम आधी त्यांना परत द्यायला लावली, मग पुढचं काम हाती घेतलं.

उलटही घडतं. कर्मचाऱ्याकडून कापायचं राहिलं, तरी मालकाची भरण्याची जबाबदारी टळत नाही. नोकरी सोडून गेलेल्यांचा कर कंपनीनेच सोसला. 65 वर्षांवरच्या व्यक्ती, कायद्यात ठरवलेलं अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि अशा मुलांचे पालक यांना माफी आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची प्रत फाइलला हवी. आणि एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःचा पीटीईसी काढून कर भरला असेल, तर त्याच्याकडून तसा दाखला घेऊन कपात थांबवायची.

तिसरं काम विवरणपत्रांचं. वर्षाचा कर एक लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकच विवरणपत्र, 31 मार्चपर्यंत, मागच्या मार्चपासून फेब्रुवारीपर्यंतच्या पगाराचं. लाख किंवा जास्त असेल तर दरमहा. पण नव्याने नोंदणी झालेल्या मालकाला पहिल्या वर्षी मार्चपर्यंत दर महिन्यालाच विवरणपत्र द्यावं लागतं. हा नियम माहीत नसल्यानेच सर्वाधिक पैसे जातात. विलंब शुल्क दर विवरणपत्रामागे असतं : मुदतीनंतर 30 दिवसांत 200 रुपये, त्यानंतर 1,000. म्हणजे ऑक्टोबरमध्ये नोंदणी झालेल्या कंपनीची मार्चपर्यंतची सहा विवरणपत्रं राहिली, तर कर कितीही किरकोळ असो, शुल्क 6,000. सरकार अधूनमधून शुल्कमाफीच्या अधिसूचना काढतं. पैसे भरण्यापूर्वी त्या त्या कालावधीला माफी आहे का ते राज्य कर विभागाच्या पोर्टलवर पाहावं.

व्याज वेगळं. पहिल्या महिन्याला सव्वा टक्का, पुढच्या दोन महिन्यांना दीड टक्का, त्यानंतर दरमहा दोन टक्के. मी प्रत्येक कालावधीची वेगळी ओळ करून तक्ता बनवला : कर, देय तारीख, उशिराचे महिने, व्याज, शुल्क. सगळं एका चलनात भरायचा मोह आवरा. चलन कालावधीनिहाय काढा, आणि कर, व्याज, शुल्क आपापल्या रकान्यात भरा. विलंब शुल्क आधी भरलेलं असावं लागतं, विवरणपत्र नंतर. पीटीआरसीचे पैसे पीटीईसीच्या क्रमांकावर गेले, किंवा वर्ष चुकीचं निवडलं, तर पैसे सरकारजमा होतात आणि थकबाकी तशीच दिसत राहते. मग दुरुस्तीसाठी अर्जविनंत्या. त्यामुळे चलनावरचा क्रमांक आणि कालावधी दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचा, हा नियम मी पाळतो.

विवरणपत्राचा फॉर्म तीन-ब. राज्य कर विभागाच्या संकेतस्थळावरून एक्सेलचा साचा दरवेळी नव्याने उतरवून घ्यावा, जुन्या साच्यावर तपासणी अडते. त्यातले मॅक्रो, म्हणजे साच्यात आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञा, चालू करावे लागतात. त्यात कर्मचाऱ्यांची नावं नसतात. कोणत्या दराचे किती, एवढंच विचारलेलं असतं, आणि दर गुणिले संख्या हा हिशेब फॉर्म करतो. म्हणून वार्षिक विवरणपत्रात नुसती डोकी लिहिली तर कर फार कमी येतो. नऊ पुरुषांचे अकरा महिने म्हणजे 200 च्या ओळीत 99, आणि फेब्रुवारीचे 300 च्या ओळीत 9. बेरीज 19,800 अधिक 2,700, म्हणजे 22,500. दोन स्त्रियांचे 5,000 धरून वर्षाचा कर 27,500. नावनिशीवार तक्ता फॉर्मला लागत नसला तरी फाइलला जपून ठेवा, चौकशी झाली तर तोच आधार.

दुसऱ्या राज्यात बसून काम करणारे कर्मचारी असतील, तर त्या राज्याचा नियम पाहायचा. गोव्यात हा कर नाही. पणजीच्या कार्यालयातल्या माणसाचे 200 रुपये पुण्याच्या पगारपत्रकात सवयीने कापू नका.

याच पगारपत्रकावरून कामगार कल्याण निधीचंही काम उरकलं. पाच किंवा जास्त कर्मचारी असले की तो लागू होतो. कपात फक्त जून आणि डिसेंबरच्या पगारातून, भरणा 15 जुलै आणि 15 जानेवारीपर्यंत. पूर्वी 3,000 वरच्या पगाराला कर्मचाऱ्याचे 12 आणि मालकाचे 36 रुपये होते. 2024 पासून 25 आणि 75. व्यवस्थापकीय पदावरची माणसं यात धरत नाहीत. हा निधी महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो आणि त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. निधी भरला गेल्यावर कर्मचाऱ्यांना हे सूचनाफलकावर लिहून कळवायला सांगितलं, कारण अर्ज त्यांनीच करायचा असतो.