ड्रायव्हर नंबर तीनचं प्रगतीपुस्तक

दर सहा महिन्यांनी मला विमा कंपनीची एक ईमेल येते. सूर अगदी गोड. आपल्या मुलाची ‘गुड स्टुडंट’ सवलत संपत आली आहे, पुढे चालू ठेवायची असल्यास त्याचं गुणपत्रक पाठवा. त्यात ‘मुलाची’ हा शब्द माझा. कंपनीच्या लेखी तो ‘ड्रायव्हर नंबर तीन’.

अमेरिकेत मोटारीचा विमा गाडीइतकाच, किंबहुना गाडीपेक्षा जास्त, चालवणाऱ्याकडे बघून ठरतो. सांगलीला माझे दीर आहेत. पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून त्यांना 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. त्यांची गाडी त्यांचा मुलगा चालवतो की शेजारी, याची कंपनीला पडलेली नाही. चालवणाऱ्याकडे लायसन असलं की झालं. इकडे न्यू जर्सीत मुलाला सतराव्या वर्षी लायसन मिळालं, गाडीच्या पुढच्यामागच्या नंबरप्लेटवर नवशिक्यांचे लाल स्टिकर लागले (जोडी 4 डॉलरला मिळते, या सगळ्या प्रकरणातली एवढी एकच गोष्ट स्वस्त) आणि आमचा सहामाही हप्ता 1,100 डॉलरवरून 2,300वर जाऊन बसला. गाड्या त्याच दोन. वाढलं ते फक्त एक पोरगं.

कंपनीचंही चुकत नाही म्हणा. 16 ते 19 वयाची मुलं मैलामागे जितके जीवघेणे अपघात करतात, ते मोठ्या माणसांच्या जवळपास तिप्पट भरतात. पण याच मुलांतली जी अभ्यासात बरी, ती गाडीही सांभाळून चालवतात, असाही विमावाल्यांचा हिशोब आहे. म्हणून वय 25च्या आत, पूर्णवेळ शिक्षण आणि जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी, 4 पैकी किमान 3 असेल, तर बऱ्याच कंपन्या हप्त्यात सूट देतात. आम्हाला सहामाहीला 180 डॉलर सुटतात. एवढ्यासाठी मी काय काय करते, ते आता सांगते.

शाळेत होता तोवर सोपं होतं. शाळेच्या पोर्टलवर माझंही खातं होतं. प्रगतीपुस्तक काढलं, जोडलं, संपलं. कॉलेज सुरू झालं आणि 1974चा एक कायदा मध्ये उभा राहिला. फेर्पा त्याचं नाव. मुलगा कॉलेजात गेला की त्याचे मार्क ही त्याची खासगी बाब. त्याच्या परवानगीशिवाय कॉलेज ते सहसा आईबापांना दाखवत नाही. फीचं बिल मात्र बरोबर आमच्याकडे येतं.

तेव्हा मुलाच्या हातापाया पडणं आलं. ‘‘बाळा, ते ग्रेडचं पाठव ना.’’ दोन दिवसांनी अंगठा. चार दिवसांनी स्क्रीनशॉट. कंपनीनं तो परत पाठवला, कारण त्यावर कॉलेजचं नाव नव्हतं. मग पीडीएफ आली, तीही परत. पॉलिसीवर आपल्या रीतीप्रमाणे मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं तीन डब्यांचं नाव. कॉलेजात या पठ्ठ्यानं स्वतःच्या नावाची पहिली तीनच अक्षरं ठेवलेली, आणि बाप गाळलेला. ही दोन्ही माणसं एकच, हे फोनवर पटवून देण्यात माझी जेवणाची सुट्टी गेली.

तिसरी अडचण तारखांची. पॉलिसीचं नूतनीकरण 10 डिसेंबरला आणि सेमिस्टरचा निकाल नाताळच्या तोंडावर. फोनवरची बाई म्हणाली, मागच्या सेमिस्टरचं चालेल. मागच्या सेमिस्टरला साहेबांनी 2.97 मिळवलेले! तीन शतांशानं माझा मुलगा रस्त्यावरचा धोका ठरला. सगळ्या सेमिस्टरांचा मिळून जीपीए चालेल का, असं मी आवाजात मध घालून विचारलं. चालेल म्हणाली. तो 3.12 होता. तो पुन्हा सज्जन झाला.

घरापासून 100 मैलांहून लांब, गाडी न नेता शिकणाऱ्यांना आणखी एक सवलत असते. त्याचं कॉलेज आमच्या दारापासून 92 मैलांवर आहे. नऊ मैल पुढचं कॉलेज का नाही घेतलंस, हे मी त्याला अजून तोंडावर विचारलेलं नाही.

अखेर पूर्ण नावाची पीडीएफ आली. सोबत निरोप, ‘‘आई, उघडून बघू नको हां, नुसतं अपलोड कर.’’ मी शब्दाची पक्की, उघडलं नाही. पोर्टलनंच ‘हीच का तुमची फाइल’ म्हणून पहिलं पान पडदाभर मोठं करून दाखवलं. ऑरगॅनिक केमिस्ट्री, सी प्लस. त्यावर आम्ही दोघंही अजून एक अक्षर बोललेलो नाही.

मला आमची कराडची प्रगतीपुस्तकं आठवली. पिवळट पुठ्ठ्याचं, आत गणिताखाली लाल रेघ. दादा, म्हणजे माझे वडील, ड्यूटीवरून येऊन हातपाय धुऊन चहा घेत बसले की ते हळूच पुढे सरकवायचं. दादा एस.टी.त ड्रायव्हर. शिक्षण सातवी. सही करायला त्यांना वेळ लागे. पेन स्टिअरिंगसारखं घट्ट धरून एकेक अक्षर वळणावर घ्यायचे. लाल रेघेकडे बघायचे, पण बोलायचे नाहीत. या माणसानं कराड-चिपळूण गाडी कित्येक वर्षं चालवली. पावसाळ्यातला कुंभार्ली घाट, समोर दहा फुटांपलीकडचं दिसू नये असं धुकं, मागे पन्नास-साठ माणसं, टपावर आंब्याच्या नाहीतर कोंबड्यांच्या पाट्या. नोकरी संपेपर्यंत एक अपघात नाही. विना अपघात सेवेचा त्यांचा बिल्ला अजून देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी आहे.

आणि आमच्या आळीत बोर्डात आलेला एक मुलगा होता, त्याला शेवटपर्यंत लूना सरळ चालवता आली नाही. विमावाल्यांचा हिशोब लाखो पोरांवरून काढलेला असणार, मी दोन माणसांवरून काढते आहे, हे मला कळतं. तरीपण.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर दादांना ही सगळी रामकहाणी सांगितली. त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून दोनदा सांगितली. शाळेतले मार्क बघून गाडीचा विमा, हे त्यांना आधी खरंच वाटेना. मग खूप हसले. मग एकदम ड्यूटीवरचा चेहरा करून म्हणाले, ‘‘ते असू दे. पोरगा गाडी कशी चालवतो?’’

कुणी विचारलंच नव्हतं इतक्या दिवसांत. मी जरा आठवून सांगितलं, ‘‘चालवतो चांगली. फक्त रिव्हर्स घेताना मान वळवत नाही, कॅमेऱ्यातच बघतो.’’

‘‘नापास,’’ दादा म्हणाले.