अर्धापूरच्या खोलीतलं कार्नेशन

मे महिन्यात नांदेडला भर दुपारी फुलांच्या दुकानात फोन वाजला की तो बहुतेक रडण्याचाच असतो.

"ताई, माल सगळा बसला. पुण्यावाल्यानं शिळा माल मारला बघा. सातचं लग्न हाय, आता काय करू सांगा."

पोरगा मांडव-डेकोरेशनचं काम करतो. माझ्यापेक्षा बराच लहान, पण हात चांगला. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत फुलांचे जे खोके येतात, त्यात त्याचेही असतात आणि माझेही. या खेपेला तर दोघांचा माल एकाच व्यापाऱ्याचा, एकाच गाडीनं आदल्या दिवशी पहाटे उतरलेला. त्यामुळे तो बोलत असतानाच माझी नजर काउंटरच्या टोकाला ठेवलेल्या ग्लासांकडे गेली. गुलाबी कार्नेशन तिथं ताठ उभं होतं.

हे ग्लास गिऱ्हाइकाला दाखवायचे नाहीत. येणाऱ्या प्रत्येक मालातली एखादी काडी मी साध्या नळाच्या पाण्यात ठेवते. त्याला चिठ्ठी: तारीख, व्यापारी, कळलं तर कुठल्या गावच्या पॉलिहाऊसचं, आणि रंग. फूल मरेपर्यंत ते तिथंच राहतं आणि कसं मेलं ते वहीत जातं. मान टाकली, पाकळी काळी पडली, देठ सडला की कळी उघडलीच नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे खूळ वाटायचं. "विकायचं सोडून मरणाच्या नोंदी ठिवायलीस," म्हणायचे.

त्यांचं शिक्षण सुट्या फुलांत झालेलं. झेंडू, गलांडा, बिजली, शेवंती, मोगरा: किलोनं येणार आणि सांजेपर्यंत संपणार. झेंडूचं फूल बुडाशी दाबून ते सांगायचे की हा पावसात भिजलेला तोड आहे, हाराला घेऊ नका, रात्रीतून काळा पडेल. आणि पंचांग तोंडपाठ. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन लगीनसराईला खिंडार, पण जावयाच्या वाणासाठी गजरा-मोगरा खपणार. असला हिशोब ते वर्षभर आधी मांडून ठेवायचे. हे ज्ञान आजही दुकान चालवतं. दांड्याच्या फुलांचं गणित मात्र वेगळं आहे. ते तोडल्यावरही आठवडाभर जगावं अशी अपेक्षा असते, आणि त्या आठवड्यात त्याला काय काय होऊ शकतं हे प्रत्येक फुलाचं निराळं. ते मी थोडं तळेगाव दाभाड्याच्या प्रशिक्षणात शिकले, थोडं पुण्याच्या गुलटेकडीच्या आणि हैदराबादच्या गुडीमलकापूरच्या फूलबाजारात पहाटे व्यापाऱ्यांच्या मागं मागं फिरून, आणि उरलेलं या ग्लासांत.

तर मी स्कूटर काढली. लग्नाचं लॉन अर्धापूर रोडला होतं. ऊन असं की हँडलला हात लावता येईना.

स्टेजमागच्या खोलीत खोके उघडे पडले होते आणि पोरगा फोनवर पुण्याच्या व्यापाऱ्याशी भांडत होता. पैसे देणार नाही, नांदेडात तुझा माल उतरू देणार नाही, वगैरे. मी त्याला खुणेनं थांबवलं आणि खाली बसून एकेक खोका बघायला लागले.

गुलाबी आणि लाल कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटल्या होत्या. जिप्सी, म्हणजे जिप्सोफिला, मळकट तपकिरी झाली होती. जांभळ्या डेंड्रोबियमच्या, म्हणजे ऑर्किडच्या, खोक्यात निम्मी फुलं तळाला गळून पडलेली, दांड्या नुसत्या. गुलाब गरजेपेक्षा जास्त उघडले होते. एवढं बघून कुणीही म्हणेल, ऊन लागलं किंवा माल जुना.

पण त्याच ढिगात जरबेरा होता आणि तो मजेत होता. स्प्रे शेवंतीही कडक. इथं माझं डोकं अडकलं. ऊन लागलं असतं तर आधी जरबेरानं मान टाकली असती. त्याची दांडी पोकळ, केसाळ. पाणी कमी पडलं की ती वाकणार आणि पाणी घाण असलं की सडणार, म्हणून त्याला बादलीत चार बोटं पाणी आणि त्यात ब्लीचिंगचा थेंब. सगळ्यात नाजूक तो, आणि तोच ठणठणीत? मग कार्नेशनची दांडी चिमटीत धरून बघितली. कडक. पानंही ताजी, निळसर. तहानलेल्या फुलाची दांडी आधी लुळी पडते. जुन्या मालाचं तोडीचं टोक तपकिरी होतं, खालची पानं पिवळी पडतात. तसलं काही नव्हतं. अंग तरुण आणि तोंड म्हाताऱ्याचं, असा तो प्रकार होता.

मी खोका नाकाशी नेला. केळीचा वास.

"रात्री माल कुठं ठेवला होता रे?"

तो जरा अभिमानानंच सांगायला लागला. उन्हाचं खोलीत कसं ठेवायचं म्हणून अर्धापूरला ओळखीच्या काकांच्या थंड खोलीत ठेवला. एसी, पडदे, सगळं. रात्रभर ठेवला, सकाळी काढला. भाडंसुद्धा घेतलं नाही काकांनी.

अर्धापूर तालुका केळीचा. तिथं थंड खोली म्हटलं की ती काय असणार, हे नांदेडच्या माणसाला सांगावं लागत नाही. केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर. आत सोळा ते अठरा अंश तापमान आणि वर इथिलीन गॅस. यात गैर काही नाही; कार्बाइडला बंदी आहे, इथिलीनला 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे, आणि केळी स्वतःही पिकताना तोच वायू सोडते. फळाला पिकवणारा हा वायू बऱ्याच फुलांना म्हातारं करतो. कार्नेशनला तर एक पीपीएमपेक्षा कमी इथिलीन काही तासांत पुरतं. जिप्सी आणि डेंड्रोबियमही त्याच पंथातले. जरबेरा आणि शेवंतीला मात्र त्याचं फारसं देणंघेणं नसतं. म्हणजे खोक्यातली मेलेली आणि जिवंत फुलं अगदी पुस्तकाबरहुकूम वेगळी झाली होती.

पोराला पटेना. "ताई, थंडच होतं की आत." थंडी म्हणजे औषध, ही समजूत आमच्या धंद्यात खोल रुतलेली आहे. गुलाब-कार्नेशन दोन-चार अंशात सुखानं राहतात, पण तिथंच डेंड्रोबियम किंवा अँथुरियम ठेवलं तर थंडीनंच डागाळतं, त्यांना दहा-बाराच्या वर लागतं. मी त्याला माझ्या ग्लासाचा फोटो मागवून दाखवला. दुकानातल्या पोरीनं चिठ्ठीसकट पाठवला. तोच व्यापारी, तीच गाडी, तोच रंग. मग तो गप्प झाला.

एका गोष्टीनं मलाही कोड्यात टाकलं. पांढऱ्या कार्नेशनचा एक खोका त्याच खोलीत, त्याच रात्री होता, आणि त्यातली बरीचशी फुलं उघडी, टवटवीत होती. व्यापाऱ्याला मीच फोन लावला. तो आधीच तापलेला. त्याला म्हटलं, भाऊ, तुमचा माल चांगला होता, ते मी बघते, पण हे पांढरं कुणाचं? पांढरं दुसऱ्या शेतकऱ्याचं निघालं, आणि तो शेतकरी तोडणीनंतर लगेच काड्या सिल्व्हर थायोसल्फेटच्या पाण्यात उभ्या करतो. फुलाच्या पेशीत इथिलीन ओळखायची जी जागा असते, तिथं चांदी जाऊन बसते. मग गॅस आला तरी फुलाला कळत नाही. हे मी वाचलं होतं, ऐकलं होतं. दोन खोके शेजारी शेजारी असे कधी बघितले नव्हते. खरं सांगते, लग्न तोंडावर असताना मी तिथं उकिडवी बसून पांढरं आणि गुलाबी फूल शेजारी धरून फोटो काढत होते, आणि पोरगा माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघत होता.

कार्नेशन एकदा असं मिटलं की परत उघडत नाही. दांडी कापा, साखरपाणी द्या, काही उपयोग नाही. त्यामुळे ते बाजूला काढलं. नवरीकडच्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवून गुलाबी-पांढरं स्टेज मागितलं होतं. गुलाब एका रात्रीपुरते चालणार होते, ते पुढं घेतले. पांढरं कार्नेशन सोफ्याच्या पाठीला. जरबेरा आणि शेवंती फुलं खोचायच्या स्पंजात. (स्पंज पाण्यात दाबून बुडवत होते, तेवढं हात धरून थांबवलं. तो आपोआप बुडू द्यायचा, नाहीतर आत कोरडा राहतो आणि दांडी तहानेनं मरते. दर लग्नात सांगावं लागतं.)

राहिलेल्या मोठ्या पडद्याला काय? मी अण्णांना फोन केला. त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय झालं म्हणून. मेमध्ये मोगरा भरात असतो, गोदाकाठच्या गावांतला दुपारचा तोड यायची वेळ, आणि गुलछडी बाजारात पडून होती. गजरेवाल्या मावश्यांना त्यांनी रिक्षात घालून पाठवलं. साडेसहाला मोगऱ्याच्या सरांचा पडदा उभा राहिला. फोटोतल्यासारखा मुळीच नव्हता. नवरीची आत्या तेवढी म्हणाली, "फोटूत हे न्हवतं की." नवरीनं सर नाकाला लावला आणि विषय मिटला. दारात केळीचे खुंट बांधलेले होते, ते बघून पोरगा मला हळूच विचारतो, "ह्यानं काय होत नाही ना?" नाही होत. पिकणाऱ्या घडाची गोष्ट वेगळी.

व्यापाऱ्याचे पैसे पोरानं पुढच्या आठवड्यात दिले, थोडे ओढूनताणून. केळीवाल्या काकांचाही मला फोन आला. बिचाऱ्यांना वाईट वाटलं होतं. गॅस बंद असताना, खोली धुऊन ठेवली तर फुलं चालतील का, असं विचारत होते. म्हटलं, काका, रिकामी आणि हवेशीर केलेली असेल तर एखादवेळ, पण शेजारच्या खोलीत माल पिकत असताना नको. तुमची केळी चांगली पिकते हाच तर आमचा प्रॉब्लेम आहे.

तेव्हापासून कार्नेशनची ऑर्डर देताना मी प्रत्येकाला विचारते, तोडल्यावर चांदीचं पाणी दिलंय का, आणि उत्तर वहीत लिहून घेते. बहुतेक जण शेतकऱ्याला विचारून सांगतात. एकजण वैतागून म्हणाला, "मॅडम, फुलं घ्यायचीत का परीक्षा?" त्याच्याकडून मी आता फक्त जरबेरा घेते.