ताप आला तेव्हा ह्यांनी नोटा मोजल्या नाहीत

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मिस्टरांना नुकतंच डिमेन्शियाच्या सेंटरला ठेवलंय आणि आता तिलाच ताप-खोकला, "जाऊ का गं, नाही गेले तर मला विसरतील" असं म्हणून रडायलाच लागली. मी एका सेकंदात नको म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण एवढं पटकन नको का म्हणू शकलो ते लिहावं.

२०२३ चा मार्च, पुण्यात घरोघर खोकला चालला होता, पेपरात रोज एच३एन२, एच३एन२, म्हणजे फ्लूचाच एक प्रकार. ह्यांना खडकवासल्याच्या बाजूच्या सेंटरला ठेवून सव्वा वर्ष झालं होतं. मी कोथरूडहून मंगळवार, गुरुवार, रविवार जायचे, बरोबर चार वाजता, कारण चारला चहा येतो आणि चहाबरोबर ही बाई येते एवढं त्यांच्या आत कुठंतरी पक्कं बसलेलं. माझं नाव नाही सांगता यायचं, पण चार वाजले की दाराकडे बघत बसतात असं तिथल्या मावशी सांगायच्या, आणि त्या एका वाक्यावर माझा आठवडा जायचा.

त्या गुरुवारी सकाळपासून घसा खवखवत होता. मीठ-हळदीच्या गुळण्या केल्या, धूळ आहे बाहेर म्हणून असेल असं स्वतःला सांगितलं आणि गेले. शेजारी बसले, त्यांनी अर्धं बिस्कीट माझ्यापुढे धरलं ते खाल्लं, त्यांच्या ओठाला लागलेला चहा माझ्याच रुमालानं पुसला. रात्री मला १०२ ताप. फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला लागू शकतो आणि पुढं पाच ते सात दिवस लागतो हे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो रुमालच आला.

एक मात्र बरं केलं, रात्री दहाला अंगात ताप असतानाच सेंटरच्या सिस्टरना मेसेज टाकला, मी आज ह्यांच्याजवळ तासभर होते आणि आता मला ताप आहे. मला वाटलं रागावतील. त्यांचा लगेच फोन आला, "काकू, कळवलंत ते फार बरं झालं."

शनिवारी दुपारी मावशींचा फोन. "काकू, काका आज नोटा मोजेनात."

हे बँकेत कॅशियर होते, ३१ वर्षं. सेंटरला गेल्यावर हात नुसते चाळवत बसायचे म्हणून मी जुन्या कॅलेंडरचे नोटेएवढे कागद कापून शंभर-शंभरची बंडलं करून दिली, रबर लावून. रोज सकाळी नाश्ता झाला की ते मोजायला बसतात, अंगठा जिभेला लावून, फर्र फर्र. त्या दिवशी बंडल तसंच पडलेलं. ताप म्हणाल तर ९९.४, खोकला नाही, पण घास तोंडात तसाच धरून ठेवलेला आणि दुपारी बाराला झोपलेले.

हे मला तेव्हाच नीट कळलं, की वय झालेल्या माणसाला इन्फेक्शन झालं तरी सणसणीत ताप येईलच असं नाही, आणि डिमेन्शिया असेल तर डोकं दुखतंय, अंग मोडून आलंय हे सांगताच येत नाही. मग ते असं बाहेर पडतं, एकदम गप्प होणं, नाहीतर उलट एकदम बिथरणं, गोंधळ अचानक वाढणं, जेवण सोडणं, पडणं. लघवीच्या इन्फेक्शननंही हेच होतं. घरचे म्हणतात आजार वाढला, पण दोन दिवसांत वाढलेला डिमेन्शिया बहुतेकदा डिमेन्शिया नसतो, त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्याच्यामागचं कारण शोधावं लागतं. डॉक्टरांनी तपासून लगेच ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध सुरू केलं, ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी असतं, म्हणजे मावशींच्या त्या फोनची किंमत काय होती बघा.

आयसोलेशन हा शब्द बोलायला सोपा आहे. ज्याला आपण आजारी आहोत हेच आठवत नाही तो खोलीत कसा थांबेल? दार बंद केलं तर ठोकत बसणार. मग एकच मावशी फक्त ह्यांच्यासाठी ठेवली, आणि बाकीचे दुपारी झोपले की ती ह्यांना मागच्या व्हरांड्यात फिरवायची. तिचा मास्क बघून हे घाबरायचे, मग ती आधी दारात लांब उभी राहून मास्क खाली करून चेहरा दाखवायची, "काका मी आहे" म्हणायची आणि मग मास्क लावून जवळ जायची. जेवण अगदी सरळ बसवून, छोटे घास, घाई नाही, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती.

आणि ती जिभेला लावायची सवय! बरं वाटायला लागल्यावर परत मोजायला लागले तर प्रत्येक कागदाला थुंकी. मला घरी पडल्या पडल्या आठवलं, ह्यांच्या कपाटात बँकेतली ती गोल डबी आहे, ओल्या स्पंजाची. भाच्याकडून पाठवली. मावशी म्हणाल्या, डबी समोर ठेवली आणि काकांनी न सांगता बोट स्पंजावर टेकवलं. जुने कागद टाकून दिले, नवीन कापले, स्पंजाचं पाणी रोज बदलायचं ठरलं.

मी अकरा दिवस गेले नाही. सात दिवसांनी संसर्गाची भीती कमी झाली होती पण खोकला होता आणि तिथं अजून वीस म्हातारी माणसं आहेत. व्हिडिओ कॉल केला तर हे फोनच्या मागं माणूस शोधायचे आणि चिडायचे, तो बंद केला. मग रोज चार वाजता चहाबरोबर मावशी फोन स्पीकरवर ठेवायच्या आणि मी नुसते आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, मध्ये खोकला आला की थांबायचे. सातव्या दिवशी मी सदतीसला खोकत थांबले आणि पलीकडून आवाज आला, "अडतीस."

मी खूप रडले त्या दिवशी.

बरं झाल्यावर एक कागद लिहून सेंटरला दिला. हे एरवी किती खातात, किती झोपतात, ऑक्सिजन एरवी किती असतो, दुखलं की काय करतात (उजवा कान चोळतात), कुठली औषधं चालू, कुठलं चालत नाही. आणि मी आजारी असताना ह्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर सोबत कोण थांबणार, भाचा, त्याचा नंबर. लेक बंगलोरला असतो, त्याच्याशी हे सगळं फोनवर बोलून ठरवलं, आयत्या वेळी तापात कोण ठरवणार. ह्यांना एकटं हॉस्पिटलमध्ये ठेवणं मला कल्पनेतही नको वाटतं.

फ्लूची लस मी त्याआधी कधी घेतली नव्हती. आता दोघांनाही दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी, कारण आपल्याकडे पावसाळ्यातही फ्लू वाढतो. परिणाम यायला दोनेक आठवडे लागतात म्हणून मेमध्येच उरकते.

मैत्रिणीला म्हटलं, चार वाजता फोन कर, नुसता आवाज ऐकव. काय बोलू म्हणाली. म्हटलं, त्यांना काय पाठ आहे ते आठव.

उद्या गुरुवार. स्पंज झिजलाय, नवीन न्यायचाय.