तुम्ही विचारलंत म्हणून : सायलेन्सरवरचा काळा रंग टिकत का नाही?

"काळा मारला, भारी दिसला, अन् दोन महिन्यांत पोपडे सुटले की ओ." सोलापुरात सायलेन्सरचा विषय निघाला की तक्रार बहुधा अशीच येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "मग कुठल्या कंपनीचा मारू?" कंपनी नंतर बघू. रंग सुटतो तो घासण्यात आणि तापवण्यात कसूर राहिली म्हणून.

कॅन घेताना दोनच गोष्टी बघा: हीटप्रूफ आहे का, आणि ६०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त लिहिलंय का. ग्रिलला मारायचा ऑइल पेंट किंवा टाकीचा साधा स्प्रे त्या धगीत करपतो. बाईकच्या एका सायलेन्सरला ४०० मिलीचा कॅन पुरतो. मॅटच घ्या. ग्लॉसची चकाकी तापून मरते आणि तोवर प्रत्येक ओरखडा चुगली करत राहतो. रेड ऑक्साइड (लोखंडाला मारतात तो तांबडा प्रायमर) खाली मारू नका, तो रंगाच्या आधी जळतो आणि वरचा थर घेऊन सुटतो. लांबीचंही, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुटीचंही तेच. पोचा आला असेल तर तो तसाच काळा होऊ द्या. आणि क्रोम अजून धड असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, हे आमचं स्पष्ट मत.

सायलेन्सर गाडीवर ठेवून रंग मारला तर आतली बाजू राहते आणि गंज तिथूनच पुढे सरकतो. त्यामुळे तो उतरवाच. इंजिन पूर्ण गार असू द्या. हेडजवळच्या, म्हणजे पाईप इंजिनला जोडतो तिथल्या नटांना गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, मग पाना लावा. नट हट्टाला पेटला तर तुम्ही पेटू नका. हेडमधला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला की रंगाच्या कॅनपेक्षा कितीतरी मोठा खर्च पदरी येतो. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर पाईपात बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरचं सॉकेट आधी सोडवा, वायर ओढू नका.

खरं काम घासण्याचं. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, शेवटी २२०. उरलेलं क्रोमसुद्धा घासून त्याची चमक घालवायची, कारण गुळगुळीत क्रोमला रंग धरत नाही. जिथे क्रोमचे पापुद्रे उचललेत तिथे कडा बोटाला लागेनाशी होईपर्यंत थांबू नका. वेल्डिंगच्या सांध्यात पेपर पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश घाला. मग थिनर लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं किंवा तांबूस निघतंय तोवर पुसणं संपलेलं नाही. यानंतर उघड्या हाताने धरू नका. बोटाचा तेलकटपणा आत्ता दिसत नाही, पण सायलेन्सर तापला की नेमका तिथेच फोड येतो.

सेन्सरचं तोंड आणि मागचं भोक टेपने झाका. डब्याच्या खालच्या अंगाला पाणी निथळायचं बारीक छिद्र असतं, त्यात काडी खोवा. ते बुजलं तर आत पाणी साचतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं, आणि घर ते नवी पेठ एवढ्याच फेऱ्या असतील तर ते सगळं वाफ होऊन बाहेर पडत नाही. तो आतला गंज बाहेरच्या रंगाने थांबत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

एप्रिल-मेच्या दुपारी रंग मारायला बसू नका. ४२ अंशांत फवारा पत्र्यावर टेकायच्या आत सुकतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. सकाळी, सावलीत, वारा नसताना मारा. कॅन दोनेक मिनिटं हलवा, वीतभर लांब धरा. पहिला थर इतका पातळ की खालचा पत्रा दिसला पाहिजे. मग दहा-दहा मिनिटांनी आणखी दोन. एकाच दमात जाड मारला तर आत कोंडलेला थिनर तापल्यावर फोड आणतो. मग रात्रभर तसाच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन आणि पाईपच्या सांध्यात नवं गास्केट (गळती रोखणारी चकती) टाकून बसवा. जुनं दबलेलं असतं, तिथून गळती झाली की रेस सोडल्यावर फटफट सुरू. नट आलटून पालटून आवळा.

आता भाजणी. हा रंग वाळून पक्का होत नाही, तापून होतो. तोवर नखानेही निघतो आणि पेट्रोल सांडलं तर विरघळतो. गाडी उघड्यावर लावून पाच मिनिटं चालू ठेवा, मग पूर्ण गार होऊ द्या. पुढच्या खेपेला दहा मिनिटं, पुन्हा गार. धूर आणि वास येईल, येऊ द्या. पण उभ्या गाडीत इंजिनकडून येणारा बेंड पाईपच चांगला तापतो, मागच्या डब्याला पुरेशी धग लागत नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला होटगी रोडने पंधरा-वीस किलोमीटरची सावकाश चक्कर मारा. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

"काळ्याने इंजिन जास्त तापेल का?" नाही. मॅट काळा पृष्ठभाग क्रोमपेक्षा उष्णता चांगली बाहेर टाकतो. जपायचं ते धुताना. तापल्या सायलेन्सरवर गार पाणी ओतू नका, आणि बोअरच्या पाण्याने धुतलंत तर लगेच पुसा, नाहीतर काळ्यावर पांढरे ठिपके उठतात. हेडजवळचा वीतभर भाग सगळ्यांत आधी भुरकट होईल. तेवढाच घासून पुन्हा मारा. त्यासाठी कॅनमधला उरलेला रंग ठेवा, मात्र कॅन उलटा धरून नोझल साफ होईपर्यंत फवारून.