वाईत ओळखीचे दोन जण

भाडेकरार ऑनलाइन नोंदवायचा तर घरमालक आणि भाडेकरू यांच्याबरोबर दोन साक्षीदारही लागतात. डोंबिवलीत हा प्रश्नच पडला नसता; जिना उतरेपर्यंत दोन काय, दहा माणसं भेटली असती. वाईत येऊन मला नऊ दिवस झाले होते आणि माझं नाव माहीत असलेली माणसं दोनच होती. त्यातली एक घरमालकीण.

डोंबिवली सोडली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. ठाण्यातल्या एका कर सल्लागारांकडे जीएसटीची विवरणपत्रं भरायचं काम करते. घरून काम करायची परवानगी मिळाली, पण आमच्या दीड खोलीत चार माणसं, वरचा मजला, आणि मे महिन्यात रात्री दोन वाजेपर्यंत तापलेला स्लॅब. झोप नाही, सकाळी आकडे डोळ्यांपुढे नाचायचे. पुण्याचं भाडं झेपणारं नव्हतं. पाचगणीत भाडी पर्यटकांच्या हिशेबानं. वाई त्याच रस्त्यावर, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. कॉलेजच्या सहलीत मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघितला होता, घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो होतो. ती दुपार मनात राहिली होती, एवढंच.

घर शोधायला तीन फेऱ्या झाल्या. मुंबईहून येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा हायवेवर सुरूर फाट्यालाच सोडतात. तिथून वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, वाईत. पहिल्या दोन फेऱ्यांत मी एकटीच आळ्या पालथ्या घातल्या. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, गंगापुरी. प्रत्येक दारात एकच प्रश्न: एकटीच राहणार? एका ठिकाणी तर बयाणा घेऊन झाल्यावर राहायला जायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला, की घरच्यांना एकटी मुलगी नको आहे. पैसे परत मिळाले, पण त्या रात्री मी खूप रडले. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नव्हतं, याचा राग अजून आहे.

तिसऱ्या फेरीला आई बरोबर आली. मधल्या आळीतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दोन खोल्या होत्या. छताला लाकडी तक्तपोशी, भिंतीत कोनाडे, खाली चौक. मालकीण आजी पंचाहत्तरीच्या. त्यांनी आईला चहा दिला आणि मला विचारलं, "एकलीच ऱ्हाणार व्हय गं?" मी हो म्हटलं. मग पुढचे प्रश्न: स्वैपाक येतो का, रात्री किती वाजेपर्यंत दिवा जळेल, वडील काय करतात, मोठा आजार काही आहे का. आधीच्या दारांतून मी चिडून निघाले होते. इथं चिडले नाही, कारण आजी उत्तरं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नळाला पाणी सकाळीच येतंय. उशिरा उठलीस तर माझ्या हंड्यातलं घ्यायचं, पण सांगून." म्हणजे घर मिळालं होतं.

लहान गावात घर शोधणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे, निदान एका फेरीला घरचं मोठं माणूस न्या. हे असं करावं लागणं मला पटत नाही, तरीही न्या.

आजींचे आधीचे भाडेकरू साध्या कागदावर राहिले होते. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असं गावभर सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. मला पत्त्याचा पुरावा हवा होता, त्यामुळे मी हट्ट धरला. सगळा खर्च माझा, असं सांगितलं. आजींनी पुतण्याला फोन केला, त्यानं समजावलं, तेव्हा त्या तयार झाल्या.

साक्षीदार मात्र मलाच शोधायचे होते. वाईत लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालय आहे, तिथं मी संध्याकाळी वर्तमानपत्रं वाचायला जायला लागले होते. एक निवृत्त शिक्षक रोज समोर बसायचे. एके दिवशी विचारलं, कुठल्या बाळा तुम्ही? बोलता बोलता त्यांनी प्राज्ञपाठशाळेचं सांगितलं, मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं सांगितलं, विश्वकोशाचं काम याच गावात बसून कसं झालं ते सांगितलं. पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशाचे जाडजूड खंड आमच्या शाळेच्या कपाटात होते. ते इथं घडले हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी मी धीर करून साक्षीदाराचं विचारलं. सर म्हणाले, "आधार कार्ड घेऊन येतो, वेळ सांगा." दुसऱ्या साक्षीदार शेजारच्या वहिनी. त्यांना नीट विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी देते की अंगठा."

अंगठ्यानंच घोळ केला. डिसेंबरची सकाळ, एजंट लॅपटॉप आणि बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन माडीवर आलेला. आजींची बोटं कामानं झिजलेली, त्यात थंडीनं कोरडी पडलेली. यंत्र काही केल्या घेईना. एकेक बोट करत दहाही झाली. मग वहिनींनी त्यांना खाली चौकात बंबाजवळ नेलं, कोमट पाण्यात हात बुडवले, पुसले, वर खोबरेल तेलाचा किंचित हात फिरवला. वर आल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. सर खुर्चीत शांत बसून होते. तासभर गेला तरी एकदाही घड्याळ बघितलं नाही त्यांनी.

त्या थंडीबद्दल सांगायला हवं. वाई काही थंड हवेचं ठिकाण नाही, उंची सातशे मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी तापतंच, फक्त घामाची चिकचिक नसते आणि रात्री गार होतात. पण हिवाळ्यात रात्री वरच्या पठारांवरची गार हवा खोऱ्यात उतरते आणि पहाटे कृष्णेवर धुकं बसतं. माझ्याकडे डोंबिवलीची एक पातळ चादर होती. तक्तपोशीच्या फटींतून वारा यायचा. पहिल्या आठवड्यात मी दोन पंजाबी ड्रेस एकावर एक घालून झोपले. आजींच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी जुन्या लुगड्यांची वाकळ दिली. इतकी जड, की अंगावर घेतल्यावर कूस बदलायलाही जोर लागतो. तिच्याखाली मला कित्येक महिन्यांनी सलग सात तास झोप लागली. गिझर लावायचा नाद सोडला, जुन्या वायरिंगला तो झेपणार नव्हता. बंबाला लाकडं मी आणते, पाणी दोघींचं तापतं.

कामाचं थोडक्यात: महिन्याच्या ११ आणि २० तारखेला विवरणपत्रांची मुदत असते आणि वीज नेमकी तेव्हाही जाते. पहिल्याच महिन्यात २० तारखेला दुपारभर नव्हती. पुढच्या पगारात इन्व्हर्टर घेतला. राऊटर त्यावर चालतो.

संध्याकाळी घाटावर जाते. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दोन बाजूंना फुटावं म्हणून. पहिल्या पावसाळ्यात मी ते डोळ्यांनी बघितलं. भिंतीच्या टोकाशी गढूळ पाणी दुभंगत होतं आणि पायऱ्यांवर उभी माणसं हात जोडून गप्प होती. आणि हिवाळा सरता सरता एकेका घाटावर कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव बसतो. आमच्या आळीच्या उत्सवात वहिनींनी मला पोळ्या लाटायला बसवलं.

पुढच्या महिन्यात करार संपतोय. आजी म्हणाल्या, "या वेळी तीन वर्षांचा करून टाक." नोंदवलेल्या करारावर आधारचा पत्ता बदलता येतो, तो अर्ज मी वर्षभर भरलेला नाही. आई म्हणते, राहू दे की इकडचाच. अर्ज टेबलावर आहे. वाईचा पत्ता लिहून झालाय, सही बाकी आहे.