वेशीवरची गर्दी

डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की माझ्या नाशिकच्या ओपीडीत सर्दी-खोकल्याची पोरं वाढतात. त्या सकाळी पाच वर्षांचा एक मुलगा आला, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. सोबत वडील आणि आजी. तोंड सतत उघडं, शाळेत पेंगतो, टीव्हीचा आवाज मोठा करतो.

वडिलांनी मोबाइल पुढे केला. व्हिडिओत पोर घोरत होतं, मग एकदम शांत. छाती आत ओढली जातेय, पोट उचलतंय, पण हवा जात नाही. मी मनात मोजत होते. अकराव्या आकड्याला त्यानं दचकून श्वास घेतला. त्याच्या छातीवर एक सुरकुतलेला हात होता. आजी रोज रात्री अशाच बसायच्या.

टॉन्सिल्स दोन्हीकडून वाढून एकमेकांना टेकायला आले होते. ॲडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारखीच एक गाठ, तोंडातून दिसत नाही, ते नाकाच्या मागे, टाळूच्या वर असतं. बाजूनं घेतलेल्या एक्स-रेत हवेची काळी वाट दोऱ्याएवढी उरली होती. कानाच्या पडद्यामागे पाणीही साठलं होतं.

ऑपरेशन म्हणताच आजी बोलल्या, "बाई, देवानं दिलंय ते कापायचं कशाला? उद्या रोगराई आली तं अडवायचं कोणी?"

"आजी, त्यांचा काही उपयोग नसतो," हे वाक्य ओठावर आलं होतं. घाईच्या ओपीडीत मी ते कितीतरी आयांना ऐकवलंय. ते खरं नाही. व्हिडिओतला तो हात पाहिल्यावर ते माझ्यानं बोलवेना.

केसपेपरच्या मागे घसा काढून दाखवला. नाक आणि तोंड या दोन वेशी, आणि त्यांच्याभोवती पहाऱ्याचं कडं: ॲडेनॉइड, दोन टॉन्सिल्स, जिभेच्या मुळाशी आणखी गाठी. वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. एकेका टॉन्सिलला दहा ते तीस खोल खाचा असतात. श्वासातून, घासातून आलेले जंतू तिथे अडकतात, पेशी त्यांची ओळख पटवतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. लहानपणी हे काम सगळ्यात जोरात चालतं म्हणून तर ते वाढतात. पुढे ॲडेनॉइड आपोआप आक्रसतं.

"मंग काढता कशाला?"

नुसता घसा दुखतो म्हणून आला असता तर मी वाट पाहिली असती. वर्षात सात वेळा घसा धरल्याशिवाय त्यासाठी ऑपरेशनचा विचारही सहसा करत नाहीत. ऑपरेशननंतर काही अँटिबॉडी थोड्या घटतात, हेही सांगितलं. पण पहारेकरी आणखी आहेत. जिभेमागे आहेत, मानेत आहेत, आतड्यात आहेत. श्वासाची वाट मात्र एकच, आणि ती रोज रात्री बंद पडतेय.

आजी चित्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वेशीतच एवढी गर्दी झाली तं गावात माणूस यायचा कसा? करा मोकळी."

टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड दोन्ही काढले, कानातलं पाणीही. पंधरा दिवसांनी तपासायला आले तेव्हा पोराचं तोंड मिटलेलं होतं. वडील औषधांचं विचारत होते, आजी मध्येच बोलल्या, "परवा रात्री आवाजच येईना. उठून नाकापुढं बोटं धरली. ऊन ऊन वारं लागलं, मग निजले."